करदोडा, तपकीर आणि टाळू

ऊन तापायला लागलं की आमच्या बोदवडच्या बाजारात माठांची रांग लागते. घ्यायला आलेली बाई एक माठ उचलते, कानाशी धरते आणि वाकवलेल्या बोटाने टकटक वाजवते. मग जरा फिरवून पुन्हा टकटक. खणखणीत वाजला तर भावाची घासाघीस सुरू. बद्द वाजला तर माठ परत रांगेत. तडा डोळ्यांना दिसलेलाच नसतो, तो कानांनी पकडलेला असतो. पलीकडे टरबुजांच्या ढिगाशी (पुण्याकडची मंडळी याला कलिंगड म्हणतात) तोच प्रकार. आत काय आहे ते कापायच्या आधी कळलं पाहिजे, आणि पैसे द्यायच्याही आधी.

आता तेच बोट स्वतःच्या छातीवर वापरून बघा. खरंच बघा, कोणी हसणार नाही. डाव्या हाताचं मधलं बोट छातीच्या उजव्या बाजूला, गळ्याजवळच्या आडव्या हाडाच्या खाली सपाट टेकवा आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्यावर ठोका द्या. घुमणारा, पोकळ आवाज येईल. एकेक बोट खाली सरकत जा. छातीच्या अर्ध्याच्या खाली उतरलात की आवाज एकदम बसतो. रिकाम्या डब्यावरून धान्याने भरलेल्या डब्यावर आल्यासारखा.

काय झालं तिथे? हवेने भरलेलं फुप्फुस मागे पडलं आणि खालचं घट्ट यकृत लागलं. ना सोनोग्राफी, ना सुई, ना लाईट. दोन बोटांनी तुम्ही आत्ता स्वतःचं यकृत शोधलंत!

ही युक्ती वैद्यकात आणली ती ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातल्या एका खाणावळवाल्याच्या मुलाने. लिओपोल्ड आवेनब्रुगर त्याचं नाव. दारूच्या पिंपात माल कुठवर आहे हे बाहेरून ठोकून ओळखायची रीत त्याने घरातच पाहिली होती, असं सांगतात. मोठेपणी व्हिएन्नात डॉक्टर झाल्यावर तो रोग्यांच्या छात्या ठोकू लागला. खात्री करायला त्याने प्रेतांच्या छातीत द्रव भरला आणि आवाज नेमका कुठे बसतो ते ताडून पाहिलं. १७६१ साली त्याने हे सगळं छापलं. दखल? जवळपास शून्य. पुढे नेपोलियनचा डॉक्टर कॉर्व्हिसार याने १८०८ मध्ये त्या पुस्तकाचं फ्रेंच भाषांतर केलं तेव्हा कुठे जग जागं झालं, आणि पुढच्याच वर्षी आवेनब्रुगर गेला. माणूस कानाचा मात्र पक्का असणार. सालिएरी या मोठ्या संगीतकाराच्या एका ऑपेराची संहितासुद्धा त्याने लिहिली होती.

पण आवाज बसला एवढं कळून भागत नाही. कुठे बसला? नेहमीच्या जागी की दोन बोटं वर? ‘छातीत पाणी झालंय’ आणि ‘यकृत आहे तिथेच आहे’ यातला फरक त्या दोन बोटांत असतो. म्हणजे आधी जागेचा पत्ता पक्का हवा.

बांधावरून भाऊबंदकी झाली की शेताची मोजणी आणावी लागते. मोजणीदार आल्या आल्या पीक बघत नाही. कोणी कपाशी कुठवर लावली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तो आधी हद्दीचा दगड शोधतो. दगड सापडला की उरलेलं त्याच्यापासून मोजून काढता येतं. शरीराचंही अगदी तसंच आहे. आतडी सरकतात, जठर भरतं आणि रिकामं होतं, फुप्फुसं मिनिटाला पंधराएक वेळा फुगतात आणि बसतात. हे सगळं पीक. हाडांचे उंचवटे, कडा आणि खाचा म्हणजे हद्दीचे दगड. कातडीवरून बोट फिरवून हे दगड शोधायचे आणि त्यांच्यापासून मोजत आतल्या अवयवाच्या दारात जाऊन उभं राहायचं, या विद्येला पृष्ठीय शरीररचना म्हणतात. नाव जड आहे. आपण तिला मोजणीच म्हणू.

पहिला दगड तुमच्या गळ्याखालीच आहे. गळ्याच्या पायथ्याशी जी खाच आहे तिच्यात बोट ठेवा आणि छातीच्या मधल्या हाडावरून सरळ खाली या. सुमारे पाच सेंटीमीटरवर एक आडवा उंचवटा लागेल. लागला? याला लुईसचा कोन म्हणतात. (हा लुईस नेमका कोणता यावर पंडितांमध्ये अजून वाद आहे. दगड मात्र जागच्या जागी आहे.)

या उंचवट्याचं एवढं काय? तर बरगड्या मोजायची ही एकमेव सोयीची जागा. बरगड्या बाराच्या बारा मोजता येतील असं आपल्याला वाटतं, पण पहिली बरगडी गळ्याजवळच्या आडव्या हाडामागे अशी दडलेली असते की बोटाला नीट सापडतच नाही. वरून मोजायला सुरुवात केलीत की पहिल्याच पावलाला हिशेब चुकला. आणि दुसरी बरगडी? ती दरवेळी, न चुकता, या उंचवट्यालाच येऊन मिळते. म्हणून जगभरचे डॉक्टर बरगड्यांची गिनती ‘दोन’पासून सुरू करतात.

तिथून डावीकडे वळून उतरत जा. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या फटीत, छातीच्या मध्यापासून साधारण नऊ सेंटीमीटरवर तळवा टेकवा. अंगाने सडपातळ असाल तर काहीतरी हळूच बोटाला ढुशी देईल. ते तुमच्या हृदयाचं टोक. ही ढुशी काखेच्या बाजूला सरकलेली आढळली की डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते, कारण त्याचा अर्थ हृदय फुगलं असण्याची शक्यता. किती सरकली? एक बोट, दोन बोटं. एवढ्यावर पुढची सगळी तपासणी ठरते.

फटींचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगूनच पुढे जातो. छातीत पाणी झालं तर ते सुईने काढावं लागतं. दोन बरगड्यांच्या मधल्या फटीतून सुई घालायची, पण फटीत नेमकी कुठे? प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक पन्हळ असते आणि तिच्यातून शीर, रोहिणी आणि मज्जातंतू असे तिघे शेजारीशेजारी गेलेले असतात, घराच्या वळचणीखालून वायर नेल्यासारखे. म्हणून सुई नेहमी खालच्या बरगडीच्या माथ्याला घासून आत जाते, वरच्या बरगडीच्या पोटाखालून कधीच नाही. हे तिघे दिसत एकदाही नाहीत. पण ते तिथेच असणार यावर डॉक्टर रोज विश्वास टाकतात.

हाताकडे वळू. अंगठा ताठ वर करून पंजा ताणा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दोन दोऱ्या उठतात आणि त्यांच्यामध्ये एक खळगी पडते. युरोपातले शौकीन या खळगीत तपकिरीची चिमूट ठेवून ओढायचे, म्हणून शरीरशास्त्रात तिचं नाव चक्क तपकिरीची डबी! खळगीच्या तळाशी बोराएवढं एक हाड आहे. गाडीवरून घसरून माणूस तळव्यावर पडला की मोडतं ते बऱ्याचदा हेच. आणि हे हाड महा लबाड. पहिल्या एक्स-रेत तडा कित्येकदा दिसतच नाही. पण डबीत बोट दाबलं आणि माणूस कळवळला, तर शहाणा डॉक्टर फोटोपेक्षा खळगीवर विश्वास ठेवतो आणि प्लास्टर घालतो. कारण या हाडाला रक्त मिळतं ते मुख्यतः उलट्या बाजूने, बोटांकडच्या टोकातून. मधे मोडलं आणि दुर्लक्ष झालं, तर मागच्या तुकड्याचं रक्त तुटून तो तुकडा मरूही शकतो.

आता पोट. इथे मोजणी अवघड, कारण हाडं कडेला आणि मध्ये सगळं मऊ मऊ. दगड म्हणून काय धरायचं? बरगड्यांची खालची कड, कमरेच्या हाडाचं पुढे आलेलं टोक आणि बेंबी. अपेंडिक्स याच दगडांवरून सापडतं. उजवीकडचं कमरेचं टोक आणि बेंबी यांच्यामध्ये सरळ रेघ धरा, टोकापासून एक तृतीयांश अंतरावर थांबा. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये ही जागा एका बोटाच्या टोकाने दाखवून दिली. पण गंमत अशी की दुखणं तिथे सुरू होत नाही, सुरू होतं बेंबीभोवती. का? आपण आईच्या पोटात असताना आतड्याचा हा भाग मध्यावर होता. मग तो गरगर वळत उजव्या कोपऱ्यात जाऊन बसला, पण आपली तार जुन्याच खांबाला ठेवून गेला. ती तार आणि बेंबीभोवतीच्या कातडीची तार पाठीच्या कण्यात एकाच ठिकाणी पोचते. मेंदूला फक्त तार वाजलेली कळते, कुठून वाजली ते नाही. पुढे सूज पोटाच्या आतल्या अस्तराला टेकली की खरा पत्ता लागतो आणि दुखणं उजवीकडे सरकतं. गाव सोडून चाळीस वर्षं झाली तरी आधार कार्डावर जुनाच पत्ता असावा, तसं हे अपेंडिक्स.

माझ्या मते सगळ्यात अजब मोजणी आहे ती पानथरीची. पुस्तकात हिला प्लीहा म्हणतात. एक, तीन, पाच, सात, नऊ, अकरा एवढे आकडे पाठ करा, पानथरी पाठ झाली. एक इंच जाडी, तीन इंच रुंदी, पाच इंच लांबी, सात औंस वजन, आणि जागा डाव्या बाजूच्या नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड. निसर्गाने जणू विषम आकड्यांचा नवस फेडलाय. थकलेल्या लाल रक्तपेशी निवडून बाजूला काढायचं काम तिचं. निरोगी माणसात ती बोटाला लागत नाही. दुप्पट-तिप्पट वाढली तरच बरगडीखालून डोकावते.

आणि वाढते कशी? वाटतं की सरळ खाली उतरत असेल. नाही! तिच्या खाली मोठ्या आतड्याचं वळण आणि त्याला टांगून धरणारी एक पट्टी आडवी आलेली असते. वाट अडली म्हणून पानथरी तिरपी निघते, बेंबीकडे, आणि फारच वाढली तर बेंबी ओलांडून थेट उजव्या जांघेच्या दिशेला. त्यामुळे डावीकडची पानथरी तपासायची तर हात उजवीकडे, खाली ठेवायचा. रोग्याला म्हणायचं, मोठा श्वास घ्या. दर श्वासाला पानथरी जराशी खाली येते आणि हात जरासा तिच्याकडे वर चढतो, डाव्या बरगडीपर्यंत. कुठेतरी वाटेत तिची कड बोटावर आपटते. नवशिक्या मात्र थेट डाव्या बरगडीखाली हात घालतो, तिथे सगळं सारखंच घट्ट लागतं आणि तो म्हणतो, काही नाही. गंमत म्हणजे त्याचा सगळा हात पानथरीवरच ठेवलेला असतो. कड सापडली नाही म्हणून अख्खा डोंगर हरवला!

हिवतापात पानथरी वाढते हे जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. १८४०च्या दशकाच्या शेवटी डेम्प्स्टर नावाच्या इंग्रज डॉक्टरने उत्तर हिंदुस्थानात यमुनेच्या कालव्यांलगतच्या गावांत मुलांची पोटं तपासली आणि शंभरात किती जणांची पानथरी हाताला लागते ते मोजलं. ज्या गावात आकडा मोठा, तिथे हिवताप मोठा. तेव्हा मलेरियाचा जंतू कोणी पाहिलेला नव्हता, डासाचा संबंधही कोणाला ठाऊक नव्हता. तरी पोरांच्या पोटांवरून हात फिरवून रोगाचा नकाशा निघाला. पुढे शंभराहून जास्त वर्षं जगभर हाच आकडा वापरला गेला.

ही विद्या डॉक्टरांपुरतीच राहिली असंही नाही. आमच्याकडे सातपुड्याच्या कुशीत, यावल-चोपड्यापासून धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत, भिल्ल आणि पावरा कुटुंबांमध्ये सिकलसेल आढळतो. प्राणवायू कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि अडकून बसतात. या आजाराच्या लहान लेकरांत कधीकधी पानथरी काही तासांत अंगातलं रक्त स्वतःत कोंडून घेते. मूल पांढरं पडतं, पोट फुगतं आणि वेळ फार थोडा असतो. वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावर ग्रॅहॅम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काय केलं असेल? त्यांनी आयांना पानथरी चाचपायला शिकवलं. वाढलेली वाटली की लेकरू उचला आणि दवाखाना गाठा, बस्स. १९८५ मध्ये त्यांनी हिशेब मांडला तेव्हा या कारणाने होणारे मृत्यू भराभर घटलेले दिसले. आईची चार बोटं आणि बरगडीची एक कड, एवढ्या सामानावर.

चार बोटं म्हणालो ते सहज नव्हे. आजही वॉर्डात पानथरी बोटांनीच मोजली जाते: ‘बरगडीखाली दोन बोटं’, ‘चार बोटं’. आपल्या आयुर्वेदात हे माप फार जुनं. सुश्रुताने शरीरावर १०७ मर्मं सांगितली, हातापायांत ४४, धडात २६ आणि मानेपासून वर ३७, आणि त्यांचे आकार अंगुळांत दिले. हे अंगुळ कोणाचं? वैद्याचं नव्हे, ज्याचं शरीर त्याचंच. लहान पोराला लहान अंगुळ, धिप्पाड माणसाला मोठं. म्हणजे फूटपट्टी माणसागणिक आपोआप बदलते! मापाची याहून हुशार सोय मला तरी सुचत नाही.

गरोदर बाईच्या तपासणीत ही बोटं टेलरच्या टेपला भेटतात. गर्भाशय तिसऱ्या महिन्यात ओटीपोटाच्या हाडावर जेमतेम डोकावतं, पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास बेंबीशी येतं आणि नववा लागताना छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत पोचतं. आता ऐका. सहाव्या महिन्यानंतर ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंत टेप लावली तर जेवढे सेंटीमीटर, साधारण तेवढे आठवडे. २८ आठवड्यांना २८, ३२ ला ३२, दोनेक इकडेतिकडे. पोट आणि कॅलेंडर एकाच टेपवर! आकडा मागे पडला की नर्सबाई सोनोग्राफीची चिठ्ठी लिहून देते.

बाळ जन्माला येतानाही बोटंच बोलतात. कळा चालू असताना डॉक्टर बाळाच्या डोक्यावर बोट फिरवतात. पुढची टाळू पतंगासारखी चौकोनी, मागची छोटी आणि त्रिकोणी. बोटाला कोणती लागली, कुठल्या बाजूला लागली, एवढ्यावरून आत बाळाचं तोंड पाठीकडे आहे की पोटाकडे ते कळतं. दिसत काहीच नाही, तरी तोंड कुठे ते ठाऊक!

मग तेच बाळ घरी येतं आणि आजी रोज टाळूवर तेल थापते. ‘टाळू भरली का व माय?’ हा प्रश्न आमच्या घरांतून अजून ऐकू येतो. तेलाने टाळू भरते की नाही हा वेगळा विषय. ती पुढची टाळू आपली आपणच, साधारण दीड वर्षाच्या सुमारास बुजते. पण आजीच्या या रिवाजात एक मोठा फायदा लपलेला आहे. घरात कोणीतरी रोज त्या मऊ जागेवर बोट ठेवतं. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि त्यात लेकराला जुलाब लागले, तर टाळू खोल जाते, कारण अंगातलं पाणी आटलेलं असतं. उलट मूल शांत असतानाही टाळू वर तटतटून आली तर आत मेंदूभोवती दाब वाढल्याची ती खूण असू शकते. कालची टाळू आणि आजची टाळू यातला फरक ज्या बोटाला कळतो, ते बोट घरातल्या कुठल्याही यंत्राच्या आधीचं.

पाणी आटलेल्या लेकराच्या हाताच्या शिरा सापडत नाहीत. सुया टोचून टोचून नर्स रडकुंडीला येते. अशा वेळी एक शीर कधी दगा देत नाही. पायाच्या आतल्या घोट्याच्या जरा पुढे, जिथे बाळाचे वाळे रुळतात, तिथे ती असतेच. रिकामी असो, दिसत नसो, चीर दिली की मिळणार. हीच शीर मोठ्या माणसाच्या पायातून काढून हृदयाच्या बायपासला जोडतात. आणि आता तर शिरेचीही वाट न बघता गुडघ्याखाली नडगीच्या सपाट बाजूवर थेट हाडात सुई रोवतात. हाडातल्या मगजातून सलाईन मिनिटभरात रक्तात!

आता तो करदोडा. लहानपणी कमरेला बांधलेला काळा दोरा आठवतो? तो घसरून खाली पडत नाही, कारण दोन्ही बाजूंना कमरेच्या हाडांच्या कडांनी त्याला उचलून धरलेलं असतं. त्या कडांवर दोन्ही हात ठेवा आणि अंगठे मागे पाठीवर आडवे न्या. जिथे दोन्ही अंगठे भेटतील तिथे कमरेचा चौथा मणका. फ्रेंच सर्जन त्युफिए यांचं नाव या रेघेला मिळालं आहे. आपण तिला करदोड्याची रेघ म्हटलं तर त्यांची हरकत नसावी.

सिझेरियनच्या टेबलावर बाईला बसवलेलं आहे. भूलतज्ज्ञ म्हणतात, ‘ताई, पुढे वाका, मांजर पाठ फुगवते तशी पाठ करा.’ ते कमरेच्या कडा चाचपतात, अंगठा मध्ये आणतात, मणक्यांमधली मऊ फट शोधतात. हातातली सुई अर्धा मिलिमीटर जाडीची. कातडी, चरबी, मग एकामागून एक चिवट पट्ट्या. बोटाला प्रत्येक थराची वेगळी अडवणूक कळते. मग अचानक एक बारीकसा ‘टच्’, अडवणूक संपते, आणि सुईच्या मागच्या टोकाला पाण्यासारखा नितळ थेंब येऊन लोंबतो. मेंदू आणि कण्याभोवती खेळणारं हे पाणी. आता दोनेक मिलिलिटर औषध, आणि काही मिनिटांत छातीखालचं अंग बधिर. बाई जागी, बोलतेय, आणि थोड्या वेळाने बाळाचं रडणं तिला स्वतःच्या कानांनी ऐकू येतं.

अंग शहारतं ते एका विचाराने. पाठीच्या कण्यात मज्जारज्जू असतो, तिथे आंधळेपणाने सुई कशी काय घालतात? उत्तर आपल्या जन्माच्या आधीचं आहे. गर्भ तिसऱ्या महिन्यात असताना मज्जारज्जू कण्याच्या पूर्ण लांबीभर असतो. मग हाडं भराभर वाढतात आणि रज्जू मागे पडतो. पोराची पँट तोकडी व्हावी तसा. जन्माच्या वेळी तो कमरेच्या तिसऱ्या मणक्याशी संपतो, मोठेपणी पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी. त्याखाली फक्त सुटे तंतू पाण्यात लोंबत असतात, घोड्याच्या शेपटीसारखे. शेपटीत काडी खुपसली तर केस बाजूला सरतात, तसे हे तंतू सुईला बहुधा वाट देतात. करदोड्याची रेघ रज्जूच्या शेवटाच्या दोन-तीन मणके खाली येते. केवढा मोठा सुरक्षित पट्टा!

ही भूल पहिल्यांदा देणारे जर्मनीचे ऑगस्ट बीअर. १८९८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने ती एकमेकांवरही करून पाहिली. बीअरांच्या बाबतीत पाणीच वाहून गेलं, म्हणून ते उलट सहकाऱ्याला भूल देऊन त्याच्या नडगीवर हातोडी मारत बसले. त्याला काही कळलं नाही. रात्री दोघांनी वाईन पिऊन आनंद साजरा केला. नंतर मात्र बीअर कित्येक दिवस डोकेदुखीने आडवे.

पण सगळं इतकं गोड असतं तर मलाच संशय आला असता. २००० साली इंग्लंडमध्ये अनुभवी भूलतज्ज्ञांना १०० जणांच्या पाठीवर मणक्याची फट ओळखायला लावली आणि एमआरआयने पडताळा घेतला. फट बरोबर ओळखली ती फक्त २९ टक्के वेळा. बहुतेकांनी जी फट सांगितली, तिच्यापेक्षा खरी फट वर निघाली. चरबी वाढलेली, पोट मोठं, वय झालेलं, की हद्दीचे दगड मातीखाली गाडले जातात. तो मोठा सुरक्षित पट्टा आहे म्हणून बरं! न्यूझीलंडच्या संशोधकांनी जिवंत माणसांच्या सीटी स्कॅनवर पुस्तकातल्या खुणा तपासल्या, तर त्यातल्याही काही सरकलेल्या सापडल्या. आश्चर्य कसलं? जुनी मापं प्रेतांवर घेतलेली, आणि प्रेत श्वास घेत नाही. म्हणून हल्ली अवघड पाठ असली की आधी सोनोग्राफी लावून फट पाहतात. अशा वेळी बोटाचा हट्ट धरणारा डॉक्टर मला तरी नको.

साधी सुईसुद्धा याच मोजणीवर चालते. ‘कंबरेत इंजेक्शन’ म्हणतात ते खरं तर कुल्ल्यावर, आणि चार भाग कल्पून वरच्या बाहेरच्या भागातच. कारण शरीरातला सगळ्यात जाड मज्जातंतू, अंगठ्याएवढा, खालून-आतून पायाकडे जातो. सुई त्याच्यावर बसली तर पाऊल लुळं पडतं. म्हणून तान्ह्या बाळांच्या लशी मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागावर देतात. आणि आता बाही वर करून डावा दंड बघा. गोल डाग दिसतो? बीसीजी. तो डावीकडेच का? सगळ्यांना एकाच जागी दिली की पुढे पाहणी करणाऱ्याला घरोघर कागद शोधत बसावं लागत नाही. डावा दंड बघितला की लस टोचल्याची पावती सापडली.

तर मग सीटी, एमआरआय आले, आता बोटांची गरज काय? एकदा एक्स-रेच्या खोलीत नीट लक्ष देऊन उभे राहा. टेक्निशियन तुम्हाला प्लेटकडे तोंड करून उभं करतो. पाठीवरच्या पंखासारख्या त्रिकोणी हाडाचं खालचं टोक तो बोटाने चाचपतो, कारण तिथे छातीचा सातवा मणका, आणि किरणांचा मध्य तिथेच धरायचा असतो. यंत्र लाखोंचं, पण छाती कुठे आहे ते त्याला कोणीतरी बोट लावून सांगावं लागतं. मग तो म्हणतो, ‘कोपरं पुढे करा, अजून पुढे.’ कोपरं पुढे गेली की ती पंखांची हाडं दोन्हीकडे सरकतात आणि फुप्फुसांवरून पडदा ओढल्यासारखी बाजूला होतात. खोलीबाहेर जाता जाता तो हाक देतो, ‘श्वास घ्या... रोखा.’ खट्. ‘हं, सोडा.’